पैसे मोजून घेतलेली गाणी आता वाजत नाहीत, काय करावं?

ओसरी

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात घर बदललं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या जुन्या घरातलं सामान बांधताना माळ्यावर एक खोकं सापडलं आणि त्यात एक जुनी हार्ड डिस्क. वर माझ्याच अक्षरातली पट्टी: 'गाणी २००५–२००७'. सामान तसंच टाकून आधी ती जोडली. आत दोन फोल्डर. एकाचं नाव 'विकत', दुसऱ्याचं 'दादाची सीडी'.

'विकत'मध्ये १८६ गाणी आहेत. विद्यार्थी असताना एका ऑनलाइन दुकानातून एकेक करून घेतलेली. ९९ सेंटला एक. तेव्हा डॉलरचा भाव चव्वेचाळीस-पंचेचाळीस रुपये होता आणि मी प्रत्येक खरेदीचा मनात गुणाकार करायचो. पावत्यांच्या मेल अजून आहेत. काही जॅझ, बरंचसं हिंदुस्थानी शास्त्रीय. यातला एक पूरिया धनाश्री मी परीक्षेच्या काळात रोज रात्री ऐकायचो.

त्याच्यावर डबल क्लिक केलं. चौकट आली, 'परवाना मिळवत आहे'. ती हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत राहिली आणि दोन मिनिटांनी 'परवाना मिळू शकला नाही'. दुसरं गाणं, तेच. अशी तीसेक गाणी लावून पाहिली. दुकान कधीच बंद झालंय, त्यामुळे विचारणार तरी कुणाला?

मग 'दादाची सीडी' उघडलं. दादानं पुण्यात कुठूनशी आणलेली, दीडशे गाण्यांची, कव्हरवर झेरॉक्स चिकटवलेली एमपीथ्री सीडी. सगळी गाणी वाजली. एकही अडलं नाही.

हे मला फार लागलं. इमानदारीत पैसे भरले ती गाणी गेली आणि फुकटची राहिली. माझे तीन प्रश्न:

ही गाणी परत मिळवायचा काही मार्ग आहे का? असं आणखी कुणाचं झालंय का? आणि तुम्ही आज गाणी विकत घेता का, घेत असाल तर कुठून?

खडीसाखर

अरेरे. वाचूनच कसंतरी झालं. तेव्हा सीडी राइट करून ठेवल्या नव्हत्यास का?

ओसरी

नाही गं. गाणी कॉम्प्युटरवर आहेत म्हणजे आहेतच, असं वाटायचं. हार्ड डिस्कवर कॉपी केली तीच मोठी काळजी घेतली असं समजत होतो.

चक्रधर

इथेच खरी मेख आहे. फाइल कॉपी झाली, परवाना कॉपी झाला नाही.

थोडं सविस्तर सांगतो, कारण याच क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय. या कुलपाला डीआरएम म्हणतात. दुकान तुम्हाला गाण्याची फाइल देतं ती आतून सांकेतिक लिपीत असते. ती उलगडायची किल्ली म्हणजे परवाना. तो तुमच्या त्या विशिष्ट कॉम्प्युटरशी बांधलेला असतो आणि विंडोजच्या पोटात वेगळ्याच जागी राहतो. तुम्ही गाणं दुसऱ्या मशिनवर नेलंत की प्लेयर दुकानाच्या सर्व्हरला विचारतो, 'या माणसाला किल्ली देऊ का?' सर्व्हरनं हो म्हटलं तर गाणं वाजतं. सर्व्हरच नसेल तर त्या फाइलचा काही उपयोग नाही. विंडोज नव्यानं टाकलं तरी तीच गत.

ओसरी एकटे नाहीत. २००८ साल या बाबतीत फार वाईट गेलं. एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की एमएसएन म्युझिकचे परवाना सर्व्हर ऑगस्टअखेर बंद करणार. आरडाओरडा झाल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. जुलैमध्ये याहूनं ३० सप्टेंबरची तारीख दिली, मग लोक भडकल्यावर कूपन किंवा पैसे परत द्यायचं कबूल केलं. सप्टेंबरात वॉलमार्टनं ९ ऑक्टोबरची तारीख दिली आणि नंतर मागे घेतली. याहू आणि वॉलमार्टनं तर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की तोवर गाण्यांच्या सीडी राइट करून ठेवा. ज्यांनी ते मेल वाचले नाहीत, ते राहिले.

त्याआधीची एक गंमत बघा. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'प्लेजफॉरशुअर' नावाचा शिक्का काढला. हा शिक्का दुकानावर आणि प्लेयरवर असेल तर गाणं नक्की वाजणार, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचा झून नावाचा प्लेयर काढला आणि त्यावर प्लेजफॉरशुअरची गाणी वाजेनात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ज्या कॉम्प्युटरवर गाणी घेतलीत तो अजून कुठे आहे का? असेल तर आशा आहे. नसेल तर मला सरळ मार्ग दिसत नाही.

इंद्रायणी

म्हणजे पेटी आपल्या घरात, किल्ली शेटजींच्या कनवटीला, आणि शेटजी दुकान मोडून गेले. असंच ना?

चक्रधर

तंतोतंत. आणि जाताना पेटीचे पैसे घेऊन गेले.

षड्ज_पंचम

मी दुसऱ्या बाजूनं बोलणार आहे. राग मानू नये.

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे. २००३ साली आम्ही चौघांनी पदरचे पैसे घालून भावगीतांचा एक अल्बम केला. स्टुडिओचं भाडं, वादकांची बिदागी, मिक्सिंग, कव्हर. बासरीवाल्या काकांनी अर्धेच पैसे घेतले, कारण चाली त्यांना आवडल्या होत्या. सीडी दुकानात आली त्याच्या नवव्या दिवशी मी दादर स्टेशनबाहेर आमची आठही गाणी एका एमपीथ्री सीडीवर बघितली. आणखी १२० गाण्यांबरोबर, तीस रुपयांना. विकणाऱ्या पोरानं मला 'साहेब, एकदम नवीन माल' म्हणून ती दाखवली. मी काही बोललो नाही. घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

त्यानंतर आम्ही चौघांनी मिळून पुन्हा अल्बम केला नाही. त्यामुळे कुलूप लावायचा विचार ज्यांच्या डोक्यात आला त्यांना मी खलनायक मानू शकत नाही. घरफोडी झालेल्या माणसाला 'कुलूप कशाला लावतोस' असं विचारू नका, एवढंच.

देवगडचा_हापूस

षड्ज_पंचम, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललं. त्या बासरीसाठी सलाम.

ओसरी

षड्ज_पंचम, राग कसला? तुमचं दुखणं खरं आहे, आणि 'दादाची सीडी'सारख्या सीडींनीच ते दिलं, हेही मला कळतं.

पण तुमची घरफोडी कुठून झाली ते बघा. तुमची गाणी चोरीला गेली ती दुकानातल्या सीडीवरून. त्या सीडीला कुलूप नव्हतं. कुलूप लावलं ते माझ्यासारख्यानं ऑनलाइन घेतलेल्या गाण्याला. म्हणजे खिडकी उघडी टाकली आणि दारातून पैसे देऊन आत आलेल्याला कोंडून ठेवलं.

हे मी एकटा म्हणत नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं एक उघडं पत्र लिहिलं होतं. त्यात त्यानं आकडे दिले होते: २००६ मध्ये जगभर ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद गाणी विकली गेली दोन अब्जांहून कमी, आणि त्याच वर्षी सीडीवरून बिनकुलपाची वीस अब्जांहून जास्त. मग एवढ्याशा भागाला कुलूप लावून चोरी थांबणार कशी, हा त्याचा सवाल होता.

ओस्लोकर

त्या पत्राला एक पार्श्वभूमी आहे. त्याच्या दोनच आठवडे आधी आमच्या नॉर्वेच्या ग्राहक लोकपालानं जाहीर केलं होतं की ॲपलच्या आयट्यून्स दुकानातली गाणी फक्त आयपॉडवरच चालणं हे इथल्या कायद्यात बसत नाही. इतरही युरोपी देशांतल्या ग्राहक संघटना मागे लागल्या होत्या. जॉब्सला ते पत्र सुचलं त्यात या दबावाचाही वाटा असणार, असं माझं मत.

सातपुडा

सीडीला कुलूप नव्हतं असं सरसकट म्हणू नका भाऊ. लावून पाहिलं होतं आणि पार हसं झालं होतं.

२००२ च्या सुमारास सोनीनं काही सीडींना एक संरक्षण लावलं, की कॉम्प्युटरला ती सीडी वाचता येऊ नये. लोकांनी शोधून काढलं की साध्या काळ्या मार्करनं सीडीच्या बाहेरच्या कडेला रेघ ओढली की ती बिनबोभाट वाजते! लहान मुलाला तीट लावतात तशी. एका तीटेनं सगळं संरक्षण उतरलं.

पण २००५ चं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सोनी बीएमजीच्या काही सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकल्या की त्या गुपचूप एक प्रोग्राम बसवायच्या, रूटकिट. मार्क रसिनोविच नावाच्या तज्ज्ञाला तो स्वतःच्याच मशिनवर सापडला. ३१ ऑक्टोबर २००५ ला त्यानं सगळं लिहून टाकलं. तो प्रोग्राम नुसता लपत नव्हता, तर एका ठरावीक अक्षरमालेनं सुरू होणारी कुठलीही फाइल लपवायचा. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तीच नावं दिली. विकत घेतलेली गाण्याची सीडी घरात चोराला जागा करून देत होती! नोव्हेंबरात कंपनीला त्या सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या, खटले झाले ते वेगळेच. ज्यानं चोरीचं गाणं उतरवलं त्याच्या मशिनला काही झालं नाही. ज्यानं दुकानात जाऊन पैसे दिले त्याचं मशिन बिघडलं.

इंद्रायणी

तीट! हाहाहा, मार्कर हातात घेतला की आता हेच आठवणार.

आजोळ

थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे.

कुलपाची गोष्ट निघाली म्हणून आठवलं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान चौकोनी पापुद्रे असायचे. ते मोडले की त्या बाजूवर काही टेप करता यायचं नाही. विकतच्या कॅसेटना ते आधीच मोडलेले असत. आणि आमच्या घरी त्याची किल्ली प्रत्येकाला माहीत होती: त्या खळग्यात कागदाचा बोळा भरायचा, वरून चिकटपट्टी लावायची, झालं. आमच्या मामानं अशीच पट्टी लावून एका नाट्यपदांच्या कॅसेटवर क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली होती आणि आजोबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

उलट आजीनं ओव्या म्हटल्या त्या कॅसेटचे पापुद्रे आईनं त्याच दिवशी करवंटीच्या तुकड्यानं उचकटून मोडले. म्हणून त्या ओव्या आजही आहेत. त्या कुलपाचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण ते आम्हीच लावलं होतं आणि काढायचंही आमच्याच हातात होतं. ओसरींच्या गाण्याचं दुखणं तिथेच आहे असं मला वाटतं.

खडीसाखर

आजोळताई, किती छान लिहिलंत. ओव्या डिजिटल करून ठेवल्यात ना? नसतील तर आधी ते करा.

मला मोबाइलच्या रिंगटोन आठवल्या. २००७-०८ मध्ये एक मेसेज पाठवायचा, पंधरा रुपये कापले जायचे आणि गाण्याचा तुकडा फोनमध्ये यायचा. मैत्रिणीला ब्लूटूथनं पाठवायला गेलं की 'संरक्षित फाइल, पाठवता येत नाही'. तेही एक वेळ समजू शकते. पण मी फोन बदलला तेव्हा माझ्याच जुन्या फोनमधून माझ्याच नव्या फोनमध्ये ती जाईना. दुकानात विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, 'ताई, परत विकत घ्या ना, पंधराच तर रुपये आहेत.' पंधरा रुपयांचा प्रश्न नव्हता रे बाबा.

चक्रधर

ते मोबाइलसाठीचं कुलूप, ओएमए डीआरएम. त्यातला सगळ्यात साधा प्रकार 'फॉरवर्ड लॉक'. फाइल ज्या फोनवर उतरली त्याच्या बाहेर जायची नाही. तो फोन कुणाचा, नवा फोन कुणाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

रीलवाला_पोरगा

सगळं वाचलं. माझं वय २२, त्यामुळे खरंच विचारतोय: गाणी विकत घ्यायचीच कशाला? महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत जगातली सगळी गाणी मिळतात. डाउनलोडही करता येतात. हार्ड डिस्क सांभाळा, सीडी सांभाळा, कुणी सांगितलंय?

देवगडचा_हापूस

मित्रा, चांगला प्रश्न विचारलास. तुला आमच्या घरच्या गणपतीची गोष्ट सांगतो.

गावी आमच्या वाडीत रेंज येत नाही. रेंज हवी तर सड्यावर जायचं, चालत वीस मिनिटं. चुलतभावानं मुंबईहून निघतानाच आरत्या, अभंग, गजर अशी दीडशे गाणी एका ॲपवर डाउनलोड करून आणली होती. मोठ्या हौसेनं स्पीकरही आणलान. चतुर्थी झाली, दुसरा दिवस झाला, सगळं झकास. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन उघडतो तर सगळी यादी राखाडी. महिन्याचे पैसे आदल्या रात्री संपले होते. गाणी फोनमध्ये होती, जागा अडवून बसली होती, पण एक वाजेल तर शपथ!

भाऊ मोटरसायकल काढून पावसात सड्यावर गेला, गाण्यांना वारं दाखवायला. तिथे रेंज आली तर पैसे भरायचा ओटीपी येईना. तासाभरानं भिजून परत आला. तोवर काकांनी पेटी काढली होती आणि भजनाला सुरुवात झाली होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पण 'डाउनलोड' या शब्दाचा अर्थ भावाला त्या दिवशी कळला.

चक्रधर

@रीलवाला_पोरगा, हापूस सांगतायत ते कुलूप म्हणजे ओसरींच्या कुलपाचं नातवंड. ॲपमधलं 'डाउनलोड' ही त्याच जातीची सांकेतिक फाइल. स्पॉटिफायचा तर नियमच आहे, ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडा, नाहीतर डाउनलोड केलेली गाणी बंद. फक्त इथे कुणी 'विकत घे' म्हणत नाही, 'भाड्यानं घे' म्हणतं, त्यामुळे फसवणूक नाही. भाडं थकलं, खोली सोडा.

आणि 'जगातली सगळी गाणी' हेही तितकंसं खरं नाही. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्याच एप्रिलमध्ये सारेगामाशी वाद होऊन त्यांची गाणी तिथून काढली गेली, आणि करार झाला तो २०२० मध्ये. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. मराठी भावगीतांचा आणि नाट्यपदांचा केवढा मोठा ठेवा त्यांच्याकडे आहे! तो वर्षभर त्या ॲपवर नव्हता. ऐकणाऱ्यांनी पैसे भरले होते, पण भांडण दोन कंपन्यांचं होतं.

रीलवाला_पोरगा

हे माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या प्लेलिस्टमधली मधलीच दोन गाणी अचानक राखाडी होतात, ते असंच कशानं तरी होत असणार. मला वाटायचं नेटचा प्रॉब्लेम.

गोदाकाठ

माझ्या आईला कारवाँ घेऊन दिलाय, सारेगामाचा रेडिओसारखा प्लेयर, मराठी गाण्यांचा. त्यातली गाणी आतच भरलेली आहेत, बाहेर काढता येत नाहीत. म्हणजे कुलूप आहेच. पण तिला ते कधी जाणवलंच नाही. बटण फिरवते, गाणं लागतं. इंटरनेट नको, खातं नको, दर महिन्याला पैसे नकोत. सकाळी सातला भक्तिगीतं, दुपारी भाजी निवडताना भावगीतं. कुलूप असूनही माणूस सुखी असू शकतो, हे मी रोज बघते. तेव्हा सगळ्या कुलपांना एकाच मापानं मोजू नये.

वकीलआत्या

हा धागा तीन दिवस वाचतेय, आज वेळ मिळाला.

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार असं कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदा, मग तुम्ही गाणं पैसे देऊन घेतलेलं असो वा नसो. काही ठरावीक सवलती आहेत, पण 'गाणं माझं आहे' एवढं कारण पुरत नाही.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५क आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पण त्याची शब्दरचना नीट वाचा: हक्काचा भंग करण्याच्या उद्देशानं कुलूप तोडलं तर. आणि कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या उचित वापराला भंग मानलेलं नाही. शिवाय ६५क मध्येच पुढे म्हटलंय की कायद्यानं जे स्पष्टपणे निषिद्ध केलेलं नाही ते करायला हे कलम आड येणार नाही. आपल्या संसदेनं इथे अमेरिकेचा कित्ता गिरवला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. घेतलेलं गाणं स्वतः ऐकण्यासाठी धडपडणारा माणूस आणि फुटपाथवर विकणारा माणूस यांत फरक करायला हवा, तो आपल्या कायद्यानं केलाय.

ओसरी, तुम्ही न्यू जर्सीत आहात. तेव्हा इंटरनेटवरची कुलूपतोडी साधनं वापरायच्या फंदात पडू नका. चक्रधर म्हणतात तसा जुना कॉम्प्युटर शोधा.

सातपुडा

आत्या, हे कलम इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

मुक्कामपोस्ट_सोलापूर

तिसरा प्रश्न होता, गाणी कुठून घेता? माझा अनुभव ओसरींच्या बरोबर उलटा आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. आठवतंय का कुणाला? सहा रुपयांपासून गाणी होती, साधी एमपीथ्री, कुलूप नाही. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. दर पगाराला शंभर रुपयांची गाणी घ्यायचो आणि घेतली की पेन ड्राइव्हवर टाकायचो. जून २०१३ मध्ये ते दुकान बंद पडलं. दीड वर्षही चाललं नाही. पण आज, इतक्या वर्षांनी, माझं एकही गाणं गेलेलं नाही. कॉम्प्युटर तीन झाले, फोन सहा झाले, गाडीतला स्टीरिओ बदलला. सगळीकडे वाजतात. आताही कामावर येताना त्यातलंच एक ऐकत आलो.

दुकान ओसरींचंही बंद झालं, माझंही. त्यांची गाणी दुकानाबरोबर गेली, माझी राहिली. फरक फक्त कुलपाचा.

इंद्रायणी

या प्रतिसादाला माझ्याकडून एक किलो शेंगा चटणी. सोलापूरची.

चक्रधर

सोलापूरकर, अगदी मुद्द्याचं बोललात. आणि हे कुलूप मुळात निघालं कसं, तेही सांगण्यासारखं आहे.

आयट्यून्सचं दुकान उघडलं २८ एप्रिल २००३ ला. कुलूप ॲपलच्याच फेअरप्ले पद्धतीचं. घेतलेलं गाणं आधी तीन कॉम्प्युटरवर वाजायचं, नंतर पाच. कुलूप ठेवायचा आग्रह रेकॉर्ड कंपन्यांचा होता. पण झालं असं की त्या कुलपामुळे गिऱ्हाईक ॲपलला बांधलं गेलं. ज्यानं पाचशे गाणी घेतली तो दुसरा प्लेयर घेईच ना, कारण त्यावर ती वाजणार नाहीत. कंपन्यांच्या लक्षात आलं की आपणच घडवून घेतलेल्या कुलपाची किल्ली आता दुसऱ्याच्याच हातात आहे आणि भावही तोच ठरवतोय. मग २ एप्रिल २००७ ला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं पहिल्यांदा कुलूप काढायचं जाहीर केलं. मे अखेरीस ती गाणी १ डॉलर २९ सेंटला आली, आवाजाचा दर्जाही दुप्पट, २५६ केबीपीएस. सप्टेंबरात ॲमेझॉननं बिनकुलपाचं एमपीथ्री दुकान काढलं आणि हळूहळू चारही मोठ्या कंपन्यांनी तिथे गाणी दिली, ॲपलला स्पर्धा उभी राहावी म्हणून. जानेवारी २००९ मध्ये ॲपलनं सगळ्याच गाण्यांवरचं कुलूप काढायचं जाहीर केलं. ज्यांनी आधी घेतली होती त्यांना मात्र गाण्यामागे ३० सेंट भरून कुलूप काढून घ्यावं लागलं. हे मला आजही पटलेलं नाही. स्वतः लावलेलं कुलूप काढायचे पैसे?

आयट्यून्स भारतात आलं डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे हे सगळं होऊन गेल्यावर. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांना विकतच्या गाण्याचं कुलूप ठाऊकच नाही.

षड्ज_पंचम

मी पुन्हा येतोय, कारण सोलापूरकरांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

गेली चार वर्षं मी माझं काम बँडकॅम्पवर ठेवतो, कलाकार थेट ऐकणाऱ्यांना गाणी विकतात त्या साइटवर. कुलूप नाही. ऐकणाऱ्याला फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) हवं तर फ्लॅक, एमपीथ्री हवं तर एमपीथ्री. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, वर पैसे पोचवायचा खर्च, बाकी माझ्याकडे येतात. आणि काही लोक लावलेल्या किमतीपेक्षा जास्त देतात! एका गृहस्थांनी २०० रुपयांच्या अल्बमला ५०० दिले आणि लिहिलं, 'बासरी फार सुंदर.' ती बासरी काकांच्या मुलानं वाजवलीय.

कुलूप काढल्यानं घर चालतं असं मी म्हणणार नाही, ते चालत नाही. घर चालतं जाहिरातींच्या कामावर. आणि दादर स्टेशनबाहेरचा तो दिवस मी विसरलेलो नाही. पण माझ्या गाण्याचे पैसे देणारा माणूस वीस वर्षांनी ते ऐकायला बसला आणि त्याला 'परवाना मिळू शकला नाही' दिसलं, तर ते मला अजिबात चालणार नाही. त्यापेक्षा चोरीला गेलेलं परवडलं. हे लिहिताना मला जड जातंय, पण हे खरं आहे.

आजोळ

षड्ज_पंचम, दुवा द्या ना अल्बमचा. (ओव्या डिजिटल झाल्या बरं का. भाच्यानं रविवारी बसून केल्या.)

षड्ज_पंचम

निरोपात पाठवतो. धाग्यावर जाहिरात नको.

ओसरी

मंडळी, बातमी आहे!

चक्रधरांनी सांगितल्यावर आठवत बसलो, तो लॅपटॉप गेला कुठे. २००८ मध्ये मी तो क्लीव्हलंडच्या रूममेटला दिला होता. बारा-तेरा वर्षं बोलणं नव्हतं. फोन केला. तो म्हणाला, 'तळघरात असेल, बायको रोज टाकून दे म्हणते.' शनिवारी सात तास गाडी चालवून गेलो. त्यांनी जेवल्याशिवाय हलू दिलं नाही.

लॅपटॉप खालच्या कपाटात, सांडग्यांच्या रिकाम्या डब्याशेजारी. बॅटरी मेलेली, चार्जर लावला तरच चालू राहतो. 'के'चं बटण निघालेलं. चालू व्हायला नऊ मिनिटं लागली. इंटरनेटला जोडलाच नाही, भीतीनं. फोल्डर उघडलं आणि पूरिया धनाश्रीवर क्लिक केलं. चौकट आली नाही. तानपुरा सुरू झाला.

रूममेट जिन्यात उभा होता. म्हणाला, 'हे तर तू परीक्षेच्या वेळी लावायचास. मला झोप लागायची नाही.'

खडीसाखर

अंगावर काटा आला!!

चक्रधर

वा! आता घाई करू नका. विंडोजला काही अपडेट करू देऊ नका, घड्याळाची तारीख बदलू नका, हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावू नका. तुमच्या परवान्यात सीडी राइट करायची सोय दिलीय का ते बघा. असेल तर त्याच लॅपटॉपवर ऑडिओ सीडी करा. ही सोय दुकानानंच विकताना दिलेली असते, त्यामुळे आत्यांचीही हरकत नसावी. मग त्या सीडी आजच्या मशिनवर फ्लॅकमध्ये उतरवा, एमपीथ्रीत नको. मूळ फाइल आधीच दाबलेली आहे, पुन्हा दाबली तर आवाज आणखी उतरेल.

वकीलआत्या

दिलेल्या परवान्याप्रमाणे सीडी करायला काहीच हरकत नाही. करा.

ओसरी

परवान्यात आहे. प्रत्येक गाणं सात वेळा.

दोन रात्री बसून केलं. जुना ड्राइव्ह आहे, चारपट वेगानं चालवला तरच नीट लिहितो. एक सीडी पंधरा-वीस मिनिटं घेते. दोन फुकट गेल्या. शेवटी नऊ सीडी झाल्या, १४१ गाणी. उरलेली ४५ मी या लॅपटॉपच्या आधीच्या मशिनवर घेतली होती. ते मशिन मीच फेकलं होतं, त्यामुळे ती गेली.

त्या ४५ ची यादी काढलीय. पावत्या आहेतच. एकेक बघतोय, बिनकुलपाची कुठे मिळतायत. आजवर अकरा मिळाली, ती पुन्हा पैसे देऊन घेतली. एक मात्र कुठेच सापडत नाहीये, एका सारंगीवादकाचा वीस मिनिटांचा मारवा. उरलेल्यांची यादी इथे टाकली तर कुणी शोधायला मदत कराल का?

मुक्कामपोस्ट_सोलापूर

टाका. आज रात्रपाळी आहे, बसतो शोधत.

षड्ज_पंचम

सारंगीचं मला पाठवा. त्या काळात अशी मुद्रणं कोणकोणत्या स्टुडिओत झाली, थोडंफार माहीत आहे. विचारतो.